पुढचं टोक

हीरोचा चषक घरात यायचा होता संध्याकाळी, पण घर मात्र सकाळपासूनच दोन फळ्यांत वाटलं गेलं होतं. एका फळीत आई, दुसऱ्या फळीत काकू, आणि मधे कापूस.

कापूस खरोखरच मधे होता. गाद्यांच्या कारखान्यातल्या त्या लांबलचक टेबलावर एक अर्धी शिवलेली गादी पसरली होती आणि दोघी जावा तिच्या समोरासमोरच्या कडांना टाके घालत होत्या. एकमेकींशी बोलायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळे दोघी आपापल्या दाभणाशी बोलत होत्या.

"काही माणसांना डोळे असतात," आई आपल्या दाभणाला म्हणाली. "पोर लोंबकळतंय हे त्यांना दिसतं."

"काही माणसांना हात असतात," काकूने आपल्या दाभणाला सांगितलं. "नुसतं बघून गादी खाली येत नाही."

"ओरडलं कोण?"

"टेकवली कोणी?"

"डोकं होतं म्हणून ओरडले."

"खांदे होते म्हणून टेकवली."

आणि दोघींनी एकदमच धागा असा ओढला की गादीच्या दोन्ही कडा गोळा झाल्या.

टेबलाच्या टोकाला कापसाच्या पोत्यावर बसून उशी हे सगळं ऐकत होती. उशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून पोरगी इतकी मऊ आणि इतकी गप्प, की ज्याला त्याला तिच्यावर डोकं ठेवून रडगाणं गावंसं वाटायचं, म्हणून उशी. पण यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत एक मुलगी ऐनवेळी आजारी पडली, हिला स्टेजवर ढकललं गेलं, आणि तिथे हिच्या तोंडातून जे काही सुटलं ते अजून थांबलेलं नव्हतं. "उशीचा भोंगा झाला," असं आजोबा म्हणायचे, आणि आपल्याला कमी ऐकू येतं यात पहिल्यांदाच समाधान मानायचे.

आत्ता मात्र भोंगा बंद होता. कारण भोंग्याच्या मांडीवर संध्याकाळच्या भाषणाचा कोरा कागद होता आणि टेबलावर, गादीच्या खालून डोकावणारी, खडूची पांढरी रेघ होती. बरोबर मधोमध. उद्या सकाळी सुतार येणार होता. त्या रेघेवरून तो टेबल कापणार, मग त्याच रेघेवरून वर छतापर्यंत फळ्या ठोकणार, आणि मग अलीकडे बाबांचा कारखाना, पलीकडे काकांचा. कारखान्याला कायमचा उभा छेद.

भांडण झालं होतं गादीवरून. सगळ्या घरांत गादीवरूनच होतात म्हणा, पण लोकांच्या घरी बसायच्या गादीवरून होतात, यांच्या घरी उचलायच्या.

मोठी गादी गिऱ्हाइकाकडे पोचवायची ती डोक्यावरून, दोघांनी. पुढचा रस्ता बघतो. मागच्याला गादीखाली स्वतःच्या चपलांखेरीज काही दिसत नाही. म्हणून आजोबांचा एकच नियम होता. पुढच्याने 'टेकव' म्हटलं की मागच्याने टेकवायची. का, कशाला, कुठे, हे सगळं टेकवून झाल्यावर विचारायचं. हा नियम आजोबांना त्यांच्या पायाच्या अंगठ्याने शिकवला होता, आणि तो काळानिळा अंगठा ते अजूनही पाहुण्यांना न मागता दाखवत. जन्मभर पुढचं टोक आजोबांचं. मग त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि ते टोक रिकामं झालं.

काका म्हणाले, "मी थोरला."

बाबा म्हणाले, "दादा, तू उंच. जिना चढताना उंच माणूस खाली असला की गादी सरळ राहते. तू मागे राहा."

बाबांचं गणित बरोबर होतं. पण काकांच्या कानात त्यातले शेवटचे तीनच शब्द शिरले आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिले. 'तू मागे राहा.' झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. गाद्या पोचवायच्याच होत्या, जिने चढायचेच होते, म्हणून काका मागे राहायचे, पण मुक्याने. 'टेकव' म्हणायची लाज वाटते म्हणून बाबा गादीला थापा मारायचे, आणि थापा ऐकूनही काका मुद्दाम वेळ लावायचे. "मला वाटलं तुझा बाप धूळ झटकतोय," असं वर उशीलाच सांगायचे. उशी दोन्ही बगलांत गिऱ्हाइकाच्या दोन उशा घेऊन मागून चालत असायची, आणि दोन्हीकडचे निरोप पोचवायची. "तुझ्या काकाला सांग." "तुझ्या बापाला सांग." दोघांच्या मधे अंतर एका गादीचं.

आणि मग गेल्या आठवड्यात ते घडलं.

चौकातल्या इमारतीखालून गादी चालली होती. वर एका गॅलरीच्या गजांतून ठोंब्या नावाचं गोलमटोल पोर स्वतःची खाली पडलेली चप्पल आणायला निघालं होतं, थेट मार्गाने. पाय बाहेर, पोट बाहेर, डोकं अडकलेलं. मग डोकंही सुटलं आणि नुसते हात उरले. बाबांनी ते पाहिलं, गादी खसकन त्या बाजूला ओढली आणि ओरडले, "टेकव!"

गादी खाली. ठोंब्या तिच्यावर. एकदा उडाला, दुसऱ्यांदा थोडा कमी उडाला, मग बसला, आजूबाजूला बघितलं, आणि भीती ओसरल्यावर लहान पोरं जे करतात ते त्याने नव्या कोऱ्या गादीवर सढळ हाताने केलं. गिऱ्हाइकाने गादी परत पाठवली. "वापरलेली आहे," म्हणालं.

पण गाव जमलं, मोबाइल निघाले, आणि इमारतीच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं की चषक द्यायचा. शूर नागरिकाचा. एकाच नागरिकाचा.

"दोघांना द्या की," उशी तेव्हाच म्हणाली होती.

"बाळ," सेक्रेटरी म्हणाले होते, "हीरो एकच असतो. एका पिक्चरमध्ये दोन हीरो घेतले की दुसऱ्याला मध्यंतरानंतर मारावं लागतं."

*

तेच सेक्रेटरी आता दारात उभे होते, घाम पुसत. "नाव सांगा. कोरणारा खोळंबलाय. तो म्हणतो, मला काय, मी 'संबंधित व्यक्ती' असंही कोरून देईन."

"ह्यांचं," आई म्हणाली.

"ह्यांचं," काकू म्हणाली.

"एकाच ह्यांचं सांगा हो!"

कोपऱ्यात आजोबा पडले होते, त्यांच्या त्या जुनाट गादीवर. गाद्यांच्या कारखान्यातली सगळ्यांत वाईट गादी मालकाची, हे तिच्याकडे बघून कुणालाही पटलं असतं. त्यांनी एक डोळा उघडला.

"उशी होती तिथे," ते म्हणाले. "ती सांगेल."

"मी?" उशी म्हणाली.

"तूच. संध्याकाळी भाषण तुझंच आहे ना? त्यातच नाव घे. तोवर चषक कोराच राहू दे."

"आजोबा, मी ज्याचं नाव घेईन तो..."

"काय? मोठ्याने बोल."

"ज्याचं नाव घेणार नाही तो उद्या सुताराला करवतीसकट मिठी मारेल!"

"ऐकू नाही आलं," असं म्हणून आजोबांनी डोळा मिटला. त्यांचं ऐकू न येणं हे अत्यंत सोयीचं यंत्र होतं.

आईने उशीकडे पाहिलं. त्या बघण्यात लहानपणी जागून काढलेल्या रात्री, वेणीफणी आणि येत्या वर्षभराचे डबे, सगळं होतं. काकूनेही पाहिलं. त्यात लपवून दिलेला खाऊ होता, आणि शाळेत मार्क कमी पडले तेव्हा आईच्या आधी केलेली सही. मोठी झाल्यावर आपण कुठे बसणार, रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे तिला आजच, एका वाक्यात, माइकवरून सांगायचं होतं.

*

काका मागच्या खोलीत खोळीत कापूस भरत होते. कोपरापर्यंत हात आत, मिशीवर कापूस, भुवयांवर कापूस. अचानक म्हातारे झाल्यासारखे दिसत होते आणि ते त्यांना शोभतही होतं.

"बापाने पाठवलंय?"

"नाही. मी माझी आले."

"मग बोल. पण भाषण नको."

"काका, बाबा थापा मारायचे तेव्हा तुम्ही वेळ का लावायचात?"

"कसल्या थापा?"

"उगाच. परवा जिन्यात बाबांनी गादीचा ढोल केला होता. खालच्या मजल्यावरची बाई वरात बघायला बाहेर आली."

काकांच्या मिशीतला कापूस हलला. हसू असावं. त्यांनी ते तिथेच दाबलं.

"मग त्या दिवशी का नाही वेळ लावलात?"

"त्या दिवशी थाप कुठे होती? टेकव म्हणाला."

"कोण?"

"पुढचा."

"पुढचा कोण?"

"पुढचा म्हणजे पुढचा! आता काय नाव-गाव विचारत बसू? तोवर पोराचा भुगा झाला असता."

"पण पोर तुम्हाला दिसलंच नव्हतं ना?"

काकांचे हात खोळीत थांबले. हा मुद्दा त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आला नव्हता, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"नव्हतं," ते सावकाश म्हणाले. "मला चपलाच दिसत होत्या. माझ्या."

"मग का टेकवलीत?"

"अगं, टेकव म्हणाला म्हणून!" ते खेकसले. "सारखं काय का आणि का! जा, तुझ्या बापाला सांग की..." त्यांनी खोळीत आणखी एक मूठ कापूस कोंबला. "काही नाही. जा."

बाबा दुकानात खोळीचं कापड मापत होते. मीटरपट्टी तोंडात, त्यामुळे ते नेहमीपेक्षाही कमी बोलत होते.

"बाबा, ओरडल्यावर तुम्ही मागे वळून बघितलंत? काका टेकवतायत की नाही?"

"वेळ कुठे होता."

"आणि नसती टेकवली तर?"

बाबांनी पट्टी तोंडातून काढली. "नसती टेकवली म्हणजे?"

"म्हणजे रागावलेले होते. थापांना वेळ लावायचेच की ते. त्या दिवशीही लावला असता तर?"

"थापा वेगळ्या," बाबा म्हणाले. "राग वेगळा, टोक वेगळं. टेकव म्हटल्यावर दादा..."

'दादा' हा शब्द दुकानात बऱ्याच महिन्यांनी आला होता आणि कुठे बसावं हे त्याला कळत नव्हतं.

"दादा काय?"

"अभ्यास नाही का तुला?" बाबा म्हणाले, आणि पट्टी पुन्हा तोंडात.

उशी पोत्यावर परत येऊन बसली. कागदावर तिने लिहिलं: 'हीरो म्हणजे जो संकटात उडी घेतो.' तिने ते वाचलं. या सगळ्या प्रकरणात उडी घेतली होती ती फक्त ठोंब्याने. तिने वाक्य खोडलं.

*

इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, स्टेजवर टेबल, टेबलावर फुलदाणी, चहाचे कप आणि मधोमध तो कोरा चषक. ठोंब्या आईच्या कडेवर, नवे बूट घालून, आपण काहीतरी मोठं केलं आहे अशा तोऱ्यात. आजोबांना खुर्चीत बसवून उचलून आणलेलं. आई डाव्या बाजूला, काकू उजव्या. दोघींनीही ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, आणि दोघींना अजून माहीत नव्हतं की रंग एकच आहे.

सेक्रेटरींची एक कल्पना होती. सेक्रेटरींना कल्पना सुचल्या की हॉलमधले लोक खुर्च्यांना घट्ट धरायचे. कल्पना अशी, की ती ऐतिहासिक गादी, डागासकट, दोघा भावांनी डोक्यावरून स्टेजवर आणायची. पाठीमागे संगीत. मग उशी नाव घेणार, मग तो भाऊ पुढे येणार.

"आणि दुसरा?" कुणीतरी विचारलं.

"दुसरा गादी धरून उभा राहील," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी तोही प्रश्न सोडवलेला होता.

संगीत सुरू झालं, बंद पडलं, दुसरंच सुरू झालं. गादी आली. पुढे बाबा, मागे काका. स्टेजवर चढली आणि टेबलाच्या वर, भावांच्या डोक्यांवर थांबली, बाबा टेबलाच्या एका टोकाला, काका दुसऱ्या. गादीखाली काका कमरेपासून खाली दिसत होते.

"आणि आता," सेक्रेटरी म्हणाले, "प्रत्यक्ष साक्षीदार!"

उशीने माइक हातात घेतला. माइक किंचाळला. एका बाजूला आईचा चेहरा. दुसऱ्या बाजूला काकूचा. उशीला एकदम दिसलं की नाव घेतल्याबरोबर यातला एक चेहरा पडणार, आणि तो पुन्हा उचलायला कुणालाच जमणार नाही.

"नमस्कार," ती म्हणाली. "मला नाव सांगायला सांगितलंय. त्याआधी एक करून बघू या."

तिने खोल श्वास घेतला. वक्तृत्व स्पर्धेतही घेतला नव्हता इतका खोल.

"टेकवाऽऽऽ!"

धप्प.

गादी खाली आली. पूर्ण, एकाच वेळी, दोन्ही टोकांनी. टेबलावर आली. फुलदाणी गेली, कप गेले, चहा सेक्रेटरींच्या पँटीवर गेला, आणि गादीच्या पोटातून 'कड्' असा एक आवाज आला. चषकाचा. आणि मग, टेकवून झाल्यानंतर, गादीच्या दोन टोकांवरून दोन भाऊ एकाच सुरात ओरडले:

"का?"

"बघा!" उशी माइकमध्ये ओरडली, आणि तिचा आवाज वरच्या मजल्यांपर्यंत गेला. "बघितलंत? आधी टेकवली, मग विचारलं! काकांना काही दिसत नव्हतं. त्या दिवशीही नव्हतं. बाबांवर इतके रागावलेले की थापांना दाद देत नव्हते. पण 'टेकव' ऐकलं आणि टेकवली. का म्हणून थांबले असते ना, तर आज हा कार्यक्रम वेगळा असता आणि त्याला चहा नसता. आणि बाबा! बाबांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बोलत नसलेला माणूस मागे, आणि यांना खात्री! आता यातला हीरो कापून दाखवा. टेबल कापता येतं हो. रेघ मारायची आणि कापायचं. हे कुठून कापणार?"

तिने माइक सेक्रेटरींकडे दिला. हॉल टाळी वाजवावी की नाही या विचारात होता.

तो प्रश्न ठोंब्याने सोडवला. ओळखीची गादी दिसल्याबरोबर तो आईच्या कडेवरून निसटला, स्टेजवर चढला, टेबलावरून लोंबणाऱ्या टोकाला धरून गादीवर चढला, एकदा उडाला, दुसऱ्यांदा थोडा कमी उडाला, बसला, आजूबाजूला बघितलं, आणि त्या ऐतिहासिक डागाच्या शेजारी, त्याच सढळपणाने, दुसरा इतिहास घडवला.

मग मात्र टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. आई हसत होती, तोंडाला पदर लावून. काकू हसत होती, न लावता. मग दोघींची नजर एकमेकींच्या साडीवर गेली.

"हाच रंग?" आई थेट काकूला म्हणाली. मधे दाभण नव्हतं.

"तू घेतलास तेव्हाच मी घेतला," काकू म्हणाली. "सांगणार कोणाला? दाभणाला?"

सेक्रेटरींनी गादीखालून चषक ओढून काढला. चषकाची बशी झाली होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि शेवटी आजोबांच्या हातात दिली, कारण सगळ्यांत कमी तक्रार तेच करतील असं त्यांना वाटलं.

"चांगली आहे," आजोबा म्हणाले. "औषधाच्या गोळ्या ठेवायला होईल."

"आजोबा, सुताराचं काय करायचं?" उशीने कानात ओरडून विचारलं.

या वेळी यंत्र व्यवस्थित चाललं. "येऊ दे की. टेबलाचा एक पाय कधीचा डुगडुगतोय, तो बघ म्हणावं."

त्यांनी हे जरा मोठ्यानेच म्हटलं. स्टेजवरचे दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता गादीवरचा चहा पुसत होते. कुणी हो म्हणालं नाही. नाही असंही कुणी म्हणालं नाही, आणि या घरात तेवढ्यावर पूर्वी लग्नं ठरलेली होती.

हॉल रिकामा झाला. गादी घरी न्यायची होती. आता ती कुठल्याच गिऱ्हाइकाची नव्हती. तिच्याबरोबर परत आलेल्या दोन उशा नेहमीप्रमाणे उशीच्या बगलांत होत्या. बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून पुढच्या टोकाशी गेले. थांबले. मागे वळून बघितलं.

"दादा," ते म्हणाले, "तू ये पुढे. रस्ता सपाट आहे. जिना नाही."

काकांनी घसा खाकरला. "नको. तूच धर. तुला दिसतं चांगलं."

"नाही, तू ये."

"तू धर म्हटलं ना!"

"थोरला कोण?"

"म्हणून तर सांगतोय, ऐक!"

"झालं सुरू," काकू म्हणाली.

"यापेक्षा मुके बरे होते," आई म्हणाली.

बाबा तरातरा चालत मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले. काका तिथे आधीच होते. दोघेही हटेनात. एकाच टोकाला, खांद्याला खांदा लावून, दोघे हट्टी बैल, आणि समोर गादीचं पुढचं टोक रिकामं, जमिनीला टेकलेलं.

उशीने ते पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी बशीवरून एक डोळा उघडला, मिटला, आणि पुन्हा उघडला.

तिने बगलांतली एक उशी आईकडे आणि एक काकूकडे फेकली, ओढणी कमरेला खोचली, वाकली आणि पुढचं टोक धरलं. जड होतं. ओलंही होतं, ठोंब्याच्या कृपेने.

"कुठे चाललीस तू?" मागून दोन आवाज आले.

"आधी उचला," उशी म्हणाली. "मग विचारा."

गादी उचलली गेली.